लाल कार्ड, करडं कार्ड

इंगोल्यांनी दोन्ही खोकी माझ्या टेबलावर ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "पाच वाजता यातलं एक परत नेतो, मॅडम. कोनतं, ते तुम्ही ठरवा."

सकाळचे दहा वाजले होते. २०१२ सालचा मे महिना होता. वऱ्हाडातल्या जिल्ह्याच्या गावी आमचं महाविद्यालय होतं. पदार्थविज्ञान विभागात एकच कूलर होता आणि तो त्या दिवशी माणसांकडे नव्हे, संगणकाकडे तोंड करून लावलेला होता.

एक खोकं लालभडक होतं. त्यावर शिरस्त्राण घातलेला एक योद्धा आगीतून धावत येत होता. दुसरं करड्या रंगाचं, आणि त्यावर मॉडेलच्या क्रमांकाखेरीज काही नव्हतं. दोन्हींत ग्राफिक्स कार्डच होतं. खेळातली चित्रं पडद्यावर भराभर रंगवण्यासाठी ही कार्डं निघाली. चित्र रंगवणं म्हणजे हजारो छोटे हिशेब एकाच वेळी करणं, आणि आम्हालाही तेच हवं होतं.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. पीएच.डी.चं चौथं वर्ष चालू होतं. मिठाचा अतिसूक्ष्म कण किती तापमानाला वितळतो, हा माझा विषय. कण खरा नाही, संगणकातला: त्यातला प्रत्येक आयन इतर आयनांना किती ओढतो, किती ढकलतो याचा हिशेब करायचा, सगळ्यांना केसभर पुढे सरकवायचं, आणि पुन्हा हिशेब. असं लाखो वेळा. आमच्या जुन्या संगणकावर सगळ्यात लहान कणाच्या एका फेरीला तीन दिवस लागत. प्रबंधासाठी मला याहून मोठे कण हवे होते, दोनशे चाळीस फेऱ्या हव्या होत्या, आणि माझी शिष्यवृत्ती डिसेंबरअखेर संपत होती. त्यानंतर घरच्यांनी माझ्यासाठी काय ठरवलं होतं ते मला माहीत होतं.

म्हणून मला लाल कार्ड हवं होतं.

आमच्याकडे तुलनात्मक तक्ता भरल्याशिवाय खडूचं खोकंसुद्धा येत नसे. तक्ता मी तीन दिवस आधीच भरत आणला होता. कोअर, म्हणजे एकाच वेळी हिशेब करणारे छोटे घटक, लालमध्ये चौदाशे, करड्यात पाचशेच्या आत. लालची मेमरी दोन गिगाबाइट, करड्याची सहा. लाल सात अंकांपर्यंत हिशेब चोख करतं, करडं पंधरा अंकांपर्यंत. करड्याच्या मेमरीत चुकून एखादा बिट उलटला, म्हणजे शून्याचा एक झाला, तर ते स्वतःच पकडून दुरुस्त करतं. लाल तसं काही करत नाही. लालची किंमत करड्याच्या पाचव्या हिश्शाची. शेवटचे दोन रकाने रिकामे होते: "प्रत्यक्ष कामगिरी" आणि "शिफारशीचे कारण".

माझे मार्गदर्शक टेंभुर्णे सर करड्याच्या बाजूचे होते. खेळण्याच्या दुकानातून प्रयोगशाळेचं सामान आणू नये, असं त्यांचं म्हणणं. इंगोल्यांचं शहरात संगणकाचं दुकान होतं, मागच्या बाजूला मुलांनी खेळायला आठ संगणक मांडलेले होते, आणि त्यांचा जीव अर्थातच लालवर होता. दोन्ही विकणारे तेच, त्यात फायदा करड्यात जास्त. तरी ते लालची वकिली करत. कागदावरच्या आकड्यांना काय बघता, असं त्यांनी सरांना तोंडावर विचारलं होतं. गाडी रस्त्यावर काढून पाहा म्हणाले. सर म्हणाले, काढू. त्यावरून आजचा दिवस ठरला.

परीक्षा सरांनीच निवडली. बारा बाय बारा बाय बारा, म्हणजे सतराशे अठ्ठावीस आयनांचा घन. तापमान सहाशे चाळीस अंश. दहा लाख पावलं. हा कण सातशेपर्यंत वितळत नाही, हे सरांनी १९९४ साली दाखवलं होतं. त्या निबंधाचा दाखला परदेशातले लोकही देत. आमच्या विभागाचं नाव कुणाला माहीत असलं तर त्यामुळेच. "ज्याचं उत्तर माहीत आहे, तेच विचारायचं," सर म्हणाले आणि शेजारच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासायला गेले.

सव्वाअकरा वाजता लाल कार्डावरची पहिली फेरी सुरू केली.

पडद्यावर घन आला. सोडियमला मी पिवळा रंग दिला होता, क्लोरीनला हिरवा. खाली पावलांचा आकडा. जुन्या संगणकावर हा आकडा मिनिटाला दोनशे-सव्वादोनशेने सरकायचा. मी कळ दाबून जेवायला, झोपायला, गावाला जायची. इथे शेकड्याच्या घरातला अंक डोळ्यांना धरवत नव्हता. मिनिटभरात सत्तर हजार. मी वहीत लिहिलं. तीन दिवसांचं काम. चौदा मिनिटं. चार वर्षं मी जे काम थेंबाथेंबाने मिळवत होते ते नळासारखं वाहत होतं.

"पयते का नाही?" इंगोले म्हणाले. त्यांनी खुर्ची उलटी करून तिच्या पाठीवर हनुवटी टेकवली होती.

मी मनातल्या मनात भागाकार करत होते. सगळ्या फेऱ्या, मोठे कण धरून: चार महिने. सप्टेंबर. लिहायला तीन महिने उरतात. मला हसू येत होतं आणि ते कुणाला दिसू नये असं वाटत होतं.

सहा लाखांच्या पुढे घनाचा एक कोपरा सैल झाला.

आधी मला वाटलं पडद्याचा दोष. मग त्या कोपऱ्यातले चार-सहा गोळे कडेवरून घसरले, त्यांच्यामागे कड गेली, आणि दीड मिनिटात आमचा नेटका घन गोल झाला. पिवळे-हिरवे गोळे एकमेकांतून वाट काढत फिरू लागले. तापमान सहाशे चाळीसच होतं.

प्रयोगशाळेतल्या शालूताई कूलरमध्ये पाणी घालायला आल्या होत्या. बादली धरून त्या पडद्यासमोर थांबल्या. "बसलं की वं माय तुझं मीठ," त्या म्हणाल्या.

सर आले, त्यांनी बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं हे मला कबूल केलं पाहिजे. त्यांनी आम्हा दोघांना समजावून सांगितलं. सातच अंक चोख, म्हणजे प्रत्येक पावलाला चिमूटभर चूक. दहा लाख पावलांत चिमटीचा ढीग होतो. त्यात मेमरीवर पहारा नाही. खेळात एखाद्या झाडाचं पान चुकीच्या जागी रंगवलं गेलं तर कुणाला कळतं?

"सर, पोट्टे आठ आठ घंटे खेयतात यावर," इंगोले म्हणाले. "आजवर एक भिंत पडली नाही."

"भिंत पडायला ती आधी खरी असावी लागते," सर म्हणाले, आणि तक्त्यातल्या लाल कार्डाच्या रकान्यात मला लिहायला सांगितलं: वेळ चौदा मिनिटं, उत्तर चुकीचं. मी वेळ लिहिली. उत्तराची जागा, करडं झाल्यावर दोन्ही एकदम लिहिते म्हणून, मोकळी ठेवली.

इंगोल्यांनी लाल कार्ड काढलं, ते अजून गरम होतं, आणि करडं बसवलं. जड, चौकोनी, कुठे एक दिवा नाही. साडेबाराला फेरी सुरू झाली. या खेपेला सर जागचे हलले नाहीत. आकडा सावकाश चालला होता, मिनिटाला पंचवीस हजार. दहा लाखांना चाळीस मिनिटं. मी पुन्हा भागाकार केला. साडेअकरा महिने. पुढच्या वर्षीचा एप्रिल संपून जाईल.

शालूताईंनी चहा आणला आणि त्याही बसल्या. त्या विभागात सरांच्याही आधीपासून होत्या. सर दर गुरुवारी पहाटेच्या गाडीने नागपूरला जात, तिथल्या मोठ्या संगणकावर आठवड्याला दोन तास मिळत, आणि वीज गेली तर तेही जात, हे त्या इंगोल्यांना सांगत होत्या. एकदा सर परत येऊन या इथे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते. सर म्हणाले, शालूताई, तेवढं सांगायची गरज नाही. पण ते हसत होते.

मी ऐकत होते. दोन तास. आठवड्याला दोन तासांत हे काम कसं बसवलं असेल?

कसं बसवलं ते मला माहीत होतं. त्यांचा मूळ प्रोग्राम मीच कार्डासाठी नव्याने लिहिला होता. त्यात एक ओळ होती: दोन आयन ठराविक अंतरापेक्षा दूर असतील, तर त्या जोडीचा हिशेब करायचा नाही. पुढचा हिशेब वाचतो. तिच्यावर कुणीतरी शेरा मारला होता, "हात लावू नये". सरांच्या आधीच्या चारही विद्यार्थ्यांच्या प्रोग्राममध्ये ती ओळ शेऱ्यासकट होती. माझ्या जुन्या प्रोग्राममध्येही होती. कार्डासाठी लिहिताना मात्र मी ती गाळली. कारण अगदी किरकोळ होतं. कार्डावर प्रत्येक जोडीला तू दूर आहेस का असं विचारत बसण्यापेक्षा हिशेब करून टाकणं लवकर होतं. सगळ्या जोड्या घेतल्याने उत्तर बिघडणार तर नाहीच, म्हणून मी सरांना सांगितलंही नव्हतं.

सात लाख दहा हजारांवर करड्या कार्डावरच्या घनाचा कोपरा सैल झाला.

लाल कार्डावर सुटला होता तो कोपरा हा नव्हता, आणि पाऊलही तेच नव्हतं. दोन्ही तंतोतंत जुळली असती तर मला उलट संशय आला असता. वेगळ्या बनावटीची दोन कार्डं, एक सात अंकांचं, एक पंधरा अंकांचं. वाट वेगळी असायलाच हवी. शेवट एकच होता. कड गेली, घन गोल झाला, गोळे फिरू लागले.

मला भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण तिच्याखाली दुसरंच काहीतरी उसळत होतं. सहाशे चाळीसला वितळतो. हे अजून कुणालाच माहीत नाही, या खोलीतल्या चौघांना सोडून.

सर चष्मा पुसत म्हणाले, "सुनीती, तुझ्या प्रोग्राममध्ये चूक आहे."

"एक ओळ मी काढली आहे, सर."

"कोणती?"

मी सांगितली. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मला विचारलं नाहीस."

"नाही. चुकलं माझं. फरक पडेल असं वाटलं नव्हतं."

"फरक पडत नाहीच," सर म्हणाले. "घाल परत."

लाल कार्ड पुन्हा बसवलं, कारण तेच लवकर सांगणार होतं. ओळ घातली. शेरा मात्र मी उतरवून घेतला नाही. प्रत्येक जोडीला विचारावं लागत असल्याने या खेपेला सतरा मिनिटं लागणार होती. सर उभे राहून बघत होते. तीन लाख. सहा लाख. सात लाख. घन जागच्या जागी थरथरत होता, कोपरे टोकदार. नऊ लाख. दहा लाख. तसाच.

"आता पुन्हा काढ," सर म्हणाले.

चौदा मिनिटं. पाच लाख नव्वद हजारांना कोपरा सुटला.

इंगोल्यांना सगळं कळलं नव्हतं, पण त्यांचं कार्ड निर्दोष सुटलं हे कळलं होतं. शालूताई कप उचलून निघून गेल्या.

सर खुर्चीत बसले. मग माझ्याकडे न बघता बोलू लागले. सगळ्या जोड्या घेतल्या असत्या तर नागपूरच्या मशीनवर एका कणाला वर्ष लागलं असतं. दूरचे आयन कुठे एवढे ओढतात, असं मनाशी म्हटलं. चांगलं मशीन मिळालं की एकदा सगळ्या जोड्या घेऊन तपासायचं, असं वहीत लिहूनसुद्धा ठेवलं होतं. चांगलं मशीन आलं तोवर ती ओळ ओळ राहिली नव्हती, पद्धत झाली होती.

"हात लावू नये, हे मी नाही लिहिलेलं," ते म्हणाले. "पण मी वाचलं होतं. खोडलं नाही."

मग त्यांनी विभागातला फोन ओढून नंबर फिरवला. बोरकर सरांना, म्हणजे त्यांच्या पहिल्या विद्यार्थ्याला, जे आता लातूरकडे प्राचार्य होते. आम्ही बाहेर जायला निघालो तर सरांनी हातानेच बसा म्हणून खूण केली.

"वसंता, बसला आहेस ना? हां, बस. आपला सातशेचा आकडा गेला." पलीकडून काहीतरी प्रश्न आला. "अरे, गेला म्हणजे गेला. दोन कार्डांवर गेला. नाही, तुझी पदवी कोण काढून घेतंय, मला सांग. तू मी सांगितलेलं केलंस. हो. सुनीतीनं काढला."

सुनीतीनं काढला. फोनच्या दुसऱ्या टोकाला माझं नाव असं गेलं, आणि मला एकदम तहान लागली.

साडेचार वाजून गेले होते. इंगोले करडं कार्ड हातात धरून उभे होते, कोणतं खोक्यात घालू या अर्थाने.

सरांनी तक्ता पुढे ओढला. "लाल घे," ते म्हणाले. "मी उगाच अडवत होतो. दोन्हींनी एकच सांगितलं. तुझा डिसेंबर आहे. लालवर सप्टेंबरला मोकळी होशील."

सकाळपासून मला हेच ऐकायचं होतं. मी पेन उघडलं. पण लिहवेना.

"सर, करडं घेऊ या."

"काय?"

"आज लालवर वितळला तेव्हा तुम्ही काय म्हणालात? कार्ड चुकतंय म्हणालात. मलाही तेच वाटलं. करड्यावर वितळला तेव्हा कुठे आपण प्रोग्रामकडे वळलो." माझा आवाज मलाच मोठा वाटत होता, मी सरांपुढे एवढी वाक्यं सलग कधी बोलले नव्हते. "अठरा वर्षं लोक तुमचा आकडा वापरताहेत. मी नवा आकडा दिला की पहिला प्रश्न हाच येईल, कशावर काढला. लालवर म्हटलं की वाचायचं थांबतील."

"एप्रिल होईल तुला."

"मेसुद्धा होईल. लहान कणही परत करावे लागतील."

"शिष्यवृत्ती?"

"सकाळच्या शिकवण्या घेईन. घरी मी बोलते."

घरी काय बोलणार ते मला तेव्हा सुचलेलं नव्हतं. नंतर सुचलं, आणि ते फार सोपं निघालं: माझं काम राहिलंय, एवढंच.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग ते हसले, आवाज न करता, खांदे हलवत, बराच वेळ. "मला चुकीचं ठरवायला महागातलं कार्ड हवं म्हणते," ते इंगोल्यांना म्हणाले.

इंगोल्यांनी करडं टेबलावर ठेवलं आणि लाल संगणकातून काढलं. खोक्यात घालण्याआधी त्यांनी त्याच्या पंख्यावरची धूळ रुमालाने पुसली. "खरं तं यानंच आधी सांगतलं ना, मॅडम," ते म्हणाले. "कोनी आयकलं नाही." मी म्हटलं, खरं आहे. तसं मी तक्त्यातही लिहिलं. उत्तराच्या मोकळ्या रकान्यात दोन्ही कार्डांपुढे "वितळला", आणि लालपुढे "प्रथम निदर्शनास आणले".

शेवटचा रकाना सरांनी स्वतःच्या हाताने भरला. शिफारशीचे कारण: माझा १९९४ चा निष्कर्ष तपासून रद्द करण्यासाठी. खाली सही, तारीख.

काम पुढच्या जूनमध्ये पुरं झालं. कण सहाशे बारा अंशांना वितळतो. निबंधातलं पहिलं वाक्य, आधीचा आकडा चूक असल्याचं, सरांनी लिहिलं आणि मला बदलू दिलं नाही.

पण त्याआधी तो तक्ता खरेदी विभागातून परत आला होता, आठ दिवसांत. तोवर करडं कार्ड खोक्यातच होतं, मंजुरीशिवाय ते वापरता येत नव्हतं. समासात पेन्सिलीने शेरा होता: आधीचा निष्कर्ष रद्द होणार असल्यास त्यावर झालेला शासकीय खर्च वाया गेला किंवा कसे, याचा खुलासा करावा. मी घाबरले. तो कागद घेऊन धावतच सरांच्या खोलीत गेले. खुलासा कसा लिहायचा, किती पानी लिहायचा, सोबत काय काय जोडायचं, याची मी मनात यादीही करून ठेवली होती.

सरांनी शेरा वाचला. पेनाचं टोपण काढलं आणि तिथेच, पेन्सिलीच्या ओळीखाली लिहिलं:

"वाया गेला नाही. मंजुरी त्वरित द्यावी, काम खोळंबले आहे."